दहा वर्षांतले आवडते सिनेमे: क्रमवारी लावायची रीत

गेल्या दहा वर्षांतले आवडते दहा सिनेमे सांगा म्हटलं की बहुतेक लोक वहीच्या कडेला 1 असा आकडा टाकतात आणि पुढे एक नाव लिहितात. घोळ तिथेच सुरू होतो.

आमच्या इंदूरच्या मराठी घरांमध्ये अशा याद्या डिसेंबर-जानेवारीत हमखास निघतात. कधी फॅमिली ग्रुपवर, कधी सुदामानगरातल्या गच्चीवर, कधी रात्री सराफा बाजारात गराडू (तळलेला कंद) खाताना. वाचल्या तर सगळ्यांत त्याच खोडी. अर्धी यादी मागच्या दोन वर्षांतली. दोन-तीन नावं ‘ही नसली तर लोक काय म्हणतील’ या भीतीने घातलेली. आणि चौथ्या क्रमांकानंतर जे जसं आठवलं ते तसं. त्याच माणसाकडून आठ दिवसांनी पुन्हा लिहून घ्या, निम्मी नावं बदललेली असतात. मग ‘आवड काय, रोज बदलते’ असं म्हणून विषय मिटवतात. आवड इतकी बदलत नाही. यादी करण्याची पद्धत कच्ची असते.

खालचे टप्पे याच क्रमाने करा. आकडे सातव्या टप्प्यापर्यंत कुठेही लिहायचे नाहीत.

लागणारं सामान: एक वही, पेन्सिल, आणि हाताच्या तळव्याएवढ्या शंभरेक कोऱ्या चिठ्ठ्या. जुन्या लग्नपत्रिकांच्या पाठकोऱ्या बाजू कापल्या तर उत्तम, त्या जाड असतात. एक्सेलमध्येही होतं, पण पाचव्या आणि सातव्या टप्प्याला हाताने सरकवता येणाऱ्या चिठ्ठ्यांची सर स्क्रीनला नाही. वेळ पंधरवड्याचा धरा. रोज बसायची गरज नाही, मध्ये दिवस जाऊ द्यायची मात्र आहे.

## टप्पा 1: हद्द आखा

कोणती दहा वर्षं? इथे तीन पंथ आहेत. कोणी 2010 ते 2019 धरतं, कोणी 2011 ते 2020, कोणी आजपासून मागे दहा वर्षं. तिन्ही चालतील, पण एकाच यादीत तिन्ही नकोत. मी पूर्ण झालेली दहा वर्षं घेते: 1 जानेवारी 2016 ते 31 डिसेंबर 2025. चालू वर्ष घेत नाही, कारण ते अर्धवट असतं आणि त्यातला प्रत्येक सिनेमा ताजा असतो.

सिनेमाचा जन्मदिवस कोणता? सगळ्यात जास्त भांडणं यावर होतात. एका सिनेमाला चार तारखा असू शकतात: महोत्सवात दाखवला ती, सेन्सॉरच्या सर्टिफिकेटवरची, थिएटरात लागला ती, ओटीटीवर आला ती. ‘नटसम्राट’ थिएटरात लागला 1 जानेवारी 2016 ला. म्हणजे सर्टिफिकेट 2015 मधलंच असणार. सर्टिफिकेट धरलं तर तो आपल्या हद्दीबाहेर, प्रदर्शन धरलं तर पहिल्याच दिवशी आत. ‘कासव’ला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला तो 2016 या वर्षासाठी, कारण ते पुरस्कार सर्टिफिकेटच्या वर्षावर चालतात, थिएटरात तो 2017 मध्ये आला. ‘द डिसायपल’ व्हेनिसला दाखवला सप्टेंबर 2020 मध्ये, आपल्याला नेटफ्लिक्सवर मिळाला एप्रिल 2021 मध्ये.

माझा नियम: भारतातल्या साध्या प्रेक्षकाला तिकीट काढून किंवा घरी बसून पहिल्यांदा पाहता आला, तो दिवस. आपण महोत्सवाचे पाहुणे नाही. तुम्ही दुसरा नियम केलात तरी हरकत नाही, पण तो एकदाच करा आणि लिहून ठेवा.

पुन्हा प्रदर्शित झालेले: मूळ तारीख धरा. ‘तुंबाड’ 2018 चा आहे. 2024 मध्ये तो पुन्हा लागला आणि कितीतरी लोकांनी तेव्हाच पाहिला, तरी तो 2018 च्या पानावर जाईल.

दोन भागांचे: प्रत्येक भाग वेगळा. ‘बाहुबली’चा पहिला भाग जुलै 2015 चा, दुसरा एप्रिल 2017 चा, आपली हद्द बरोबर दोघांच्या मधून जाते. दुसऱ्याला घ्यायचं असेल तर त्याच्या एकट्याच्या बळावर घ्या. पहिल्याचं पुण्य त्याच्या खात्यावर जमा करू नका.

रिमेक आणि डबिंग: रिमेक हा स्वतंत्र सिनेमा. ‘सैराट’ आणि ‘धडक’ दोन चिठ्ठ्यांवर, ‘वेड’ आणि त्याचा मूळ तेलुगू ‘मजिली’ही तसेच. डबिंग मात्र वेगळा सिनेमा नाही. इथे दक्षिणेचे सिनेमे बहुतेकांनी हिंदीतच पाहिलेले असतात. त्यात लाज वाटण्यासारखं काही नाही, फक्त चिठ्ठीवर ‘हिंदी डब’ एवढं लिहा, पुढे सहाव्या टप्प्याला कामी येतं.

वेब सिरीज: नाही. ‘पण ती सिनेमापेक्षा भारी होती’ तरीही नाही.

भाषा: एकच यादी करा, त्यात मराठी, हिंदी, मल्याळम, इराणी जे असेल ते. महाराष्ट्राबाहेर राहणाऱ्या मराठी माणसाला इथे एक मोह होतो: ‘दहात निदान चार तरी मराठी हवेत.’ असा कोटा ठेवला की यादी आवडीची राहत नाही, कर्तव्याची होते. मराठीची वेगळी दहाची यादी करा की, कोण अडवतंय? पण दोन्ही एकात कालवू नका.

> सावध: हे नियम तिसऱ्या टप्प्यानंतर बदलायचे नाहीत. ‘कट्यार काळजात घुसली’ नोव्हेंबर 2015 चा निघाला म्हणून हद्द दोन महिने मागे सरकवणारे मला माहीत आहेत. मग त्या दोन महिन्यांतले बाकीचे सगळे सिनेमेही आत यायला हवेत, त्यांना मात्र कोणी बोलवत नाही.

> तपासा: वहीच्या पहिल्या पानावर काळ, तारखेचा नियम, भाग, रिमेक आणि भाषा, या पाचांवर एकेक ओळ लिहिली आहे ना?

## टप्पा 2: कच्ची यादी, क्रम न लावता

यादी बिघडते ती बहुतेक वेळा इथे. आठवलंच नाही तो सिनेमा पुढच्या कुठल्याही टप्प्यात परत येत नाही. म्हणून सर्वात जास्त वेळ याला द्या.

वहीत दहा पानं काढा, प्रत्येकावर एकेक वर्ष. आता चार फेऱ्या, याच क्रमाने:

2.1 फक्त आठवणीतून. मोबाईल दुसऱ्या खोलीत ठेवा. सिनेमाचं वर्ष एरवी आठवत नाही, म्हणून आधी आयुष्यातल्या खुणा लिहा. नोटबंदी नोव्हेंबर 2016. इंदूर स्वच्छतेत पहिल्यांदा देशात पहिलं आलं ते 2017. लॉकडाऊन मार्च 2020. सुपर कॉरिडॉरवर मेट्रो धावू लागली ती मे 2025 मध्ये. त्यांच्या जोडीला घरच्या खुणा: कोणाचं लग्न, कोणाची बारावी, घर कधी बदललं, गाडी कधी घेतली. ‘नवीन गाडीतून पहिल्यांदा काय पाहायला गेलो?’ याचं उत्तर पटकन येतं. ‘2018 मध्ये काय पाहिलं?’ याचं येत नाही.

2.2 पुरावे. तिकिटांच्या जुन्या ईमेल शोधा. नेटफ्लिक्सवर प्रत्येक प्रोफाइलची पाहिलेल्यांची यादी खात्याच्या सेटिंगमध्ये मिळते. घरात एकच प्रोफाइल सगळे वापरत असाल तर मुलांचे सिनेमे आणि आईचे सिनेमे एकत्र दिसतील, ते वेगळे करा. फोनच्या गॅलरीत थिएटरच्या पायऱ्यांवरचे फोटो असतातच.

2.3 माणसं. मित्राला, बहिणीला, नवऱ्याला फोन करा, पण ‘तुझे आवडते कोणते’ असं विचारू नका. विचारा, ‘आपण दोघं मिळून काय काय पाहिलं?’ पहिल्या प्रश्नाने त्यांची आवड तुमच्या वहीत शिरते, दुसऱ्याने फक्त तुमची आठवण परत मिळते.

2.4 आता, आणि आताच, विकिपीडिया. त्या-त्या वर्षाच्या हिंदी आणि मराठी सिनेमांच्या याद्या तिथे आहेत. त्यावरून बोट फिरवा आणि पाहिलेले पण राहून गेलेले उतरवा. ही फेरी शेवटी का? आधी केली तर डोळ्यांपुढे फक्त गाजलेली नावं येतात आणि आठवण आळशी होते.

2020 चं पान वेगळं दिसेल. मार्चमध्ये थिएटरं बंद झाली, ऑक्टोबरच्या मध्यापासून निम्म्या खुर्च्यांची परवानगी मिळाली. त्या वर्षी तुम्ही खूप पाहिलंत, पण त्यातलं बरंचसं जुनं होतं. जुने सिनेमे या पानावर लिहू नका. पाहिल्याचं वर्ष नाही, सिनेमाचं वर्ष.

मराठी सिनेमांबद्दल इथल्या लोकांसाठी खास सूचना. आपल्याकडे मराठी पिक्चर लागला तर दोन-चार दिवस, एखाददुसरा खेळ, तोही गैरसोयीच्या वेळी. त्यामुळे आपण ते पुण्या-मुंबईच्या फेरीत, नाहीतर वर्षभराने टीव्हीवर पाहिलेले असतात. गॅलरी आणि ईमेल इथे उपयोगी पडत नाहीत. पुण्याच्या प्रत्येक फेरीचं वेगळं टिपण करा आणि तिथे काय पाहिलं ते आठवा.

> तपासा: कोणत्या पानावर तीनपेक्षा कमी नावं आहेत? तिथे पुन्हा बसा. साधारण सिनेमे पाहणाऱ्या माणसाची कच्ची यादी साठ ते शंभर नावांची होते. सगळं करूनही तीसच भरली तर टॉप टेनचा हट्ट सोडून टॉप पाच करा. तिसातून दहा निवडणं म्हणजे नापासांनाही बक्षीस देण्यासारखं आहे.

आता प्रत्येक नावाची एक चिठ्ठी करा. पुढच्या बाजूला फक्त नाव. मागच्या बाजूला वर्ष, कुठे पाहिला, कोणाबरोबर, कितीदा. शेवटच्या सहा महिन्यांत पहिल्यांदा पाहिलेल्यांच्या मागे फुली मारा.

## टप्पा 3: चाळणी

प्रत्येक चिठ्ठीला दोन प्रश्न.

पहिला: पूर्ण पाहिला आहे का? मध्यंतरानंतर झोप लागलेली असली, विमानात शेवटची वीस मिनिटं राहिली असली, तर चिठ्ठी बाजूला.

दुसरा: ट्रेलर, गाणी आणि रील्स सोडून यातला एक तरी प्रसंग मला सांगता येतो का? हा प्रश्न साधा दिसतो, पण तिसरा हिस्सा चिठ्ठ्या इथे गळतात. काही सिनेमांची आपल्याला फक्त गाणी आवडलेली असतात, काहींचे मीम. ‘झिंगाट’वर प्रत्येक वरातीत नाचलात म्हणजे ‘सैराट’ आठवतोच असं नाही. त्याचा शेवट, तो विहिरीचा परिसर, हैदराबादची खोली डोळ्यांसमोर येते का ते पाहा.

बाद चिठ्ठ्या फाडू नका. एका पाकिटात ठेवा.

## टप्पा 4: एकच कसोटी निवडा

‘आवडता’ आणि ‘चांगला’ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत हे सगळ्यांना तोंडपाठ असतं, पण चिठ्ठ्या हातात आल्या की विसरतं. वरच्या तीन जागा चांगल्यांना आणि खालच्या सात आवडत्यांना अशी वाटणी नकळत होते. उपाय एकच: वहीच्या पहिल्या पानावर एक प्रश्न लिहा, आणि शेवटपर्यंत तोच विचारा. तीन प्रश्न सुचवते:

अ. आज रात्री मोकळा वेळ असेल तर यांतला कोणता लावीन?
ब. यांतला एक मी कधी पाहिलाच नसता, तर कोणता नसल्याने जास्त नुकसान झालं असतं?
क. जवळच्या माणसाला यांतला एकच दाखवायचा तर कोणता?

‘अ’ घेतलात तर हलकेफुलके सिनेमे वर जातील, कारण थकलेल्या रात्री कोणी जड सिनेमा लावत नाही. ‘क’ मध्ये समोरचा माणूस बदलला की उत्तर बदलतं. सासूबाईंना एक दाखवाल, कॉलेजच्या मैत्रिणीला दुसरा. मी ‘ब’ वापरते. त्यात दोन तास खळखळून हसवणारा सिनेमाही जिंकू शकतो आणि आठवडाभर घशात अडकलेलाही.

> सावध: पडद्यावर आपला मुलूख दिसला की गुण वाढतात. ‘पॅड मॅन’मध्ये महेश्वरचा घाट दिसतो, आणि इथल्या याद्यांमध्ये तो दोन पायऱ्या वर सापडतो. घाट आवडतो तर शनिवारी बस पकडून महेश्वरला जा. चिठ्ठीच्या मागची टिपणं याचसाठी आहेत: ‘पुण्यात भावंडांबरोबर, दिवाळीत’ असं लिहिलेलं असेल तर स्वतःला विचारा, सिनेमा आवडला होता की ती संध्याकाळ?

हा शेवटचा प्रश्न फार ताणूही नका. ‘बाईपण भारी देवा’ बायकांनी घोळक्याने जाऊन पाहिला, आणि तो तसाच पाहायचा सिनेमा होता. सोबत हा त्या अनुभवाचा भाग असेल तर असू दे. फक्त आपल्याला ते माहीत असावं.

## टप्पा 5: चार ढीग

अजून आकडे नाहीत. उरलेल्या चिठ्ठ्या जमिनीवर चार ढिगांत टाका: ‘नक्की’, ‘बहुतेक’, ‘बहुतेक नाही’, ‘नाही’. प्रत्येक चिठ्ठीला पाच-सात सेकंद. जास्त वेळ लागला तर ती ‘बहुतेक’.

‘नक्की’च्या ढिगात सोळापेक्षा जास्त चिठ्ठ्या नकोत. जास्त झाल्या तर तो ढीग पुन्हा चाळा. दहापेक्षा कमी असतील तर ‘बहुतेक’मधून भरती करा. शेवटचे दोन ढीग पाकिटात. ‘बहुतेक’मध्ये उरतील त्या चिठ्ठ्याही सहाव्या टप्प्यानंतर तिथेच.

## टप्पा 6: काहीच पुन्हा पाहा, सगळे नाही

लोक इथे दोन टोकांना जातात. एक तर काहीच पुन्हा पाहत नाहीत, नाहीतर सगळे पाहायला बसतात आणि चौथ्या सिनेमाला कंटाळून यादीच सोडतात. पुन्हा पाहायचे ते फक्त असे:

- ‘नक्की’ आणि ‘बहुतेक’च्या सीमेवर अडकलेले;
- पाच वर्षांपूर्वी एकदाच पाहिलेले;
- फुलीवाले, म्हणजे अगदी ताजे. यांना मात्र लगेच पाहू नका, या टप्प्यात सगळ्यात शेवटी पाहा. ओसरायचं ते तोवर ओसरतं;
- ‘हिंदी डब’ लिहिलेले, जमल्यास मूळ भाषेत सबटायटल्स लावून. आवाजच वेगळा असला की नटाचं काम वेगळं दिसतं. पण दुसऱ्यांदा मूळ भाषेत आवडला नाही तर गोंधळू नका: तुम्हाला आवडलेला सिनेमा पहिला होता, तोच धरा.

पाहताना फोन लांब, वेग साधा. दीडपट वेगाने पाहिलेला सिनेमा पुन्हा पाहिल्यात जमा नाही. आणि आधी परीक्षणं वाचू नका. तीच वाक्यं नंतर तुमच्या तोंडून येतात आणि तुम्हाला ती आपलीच वाटतात.

पाच-सहा सिनेमे पुरे.

## टप्पा 7: दोन-दोनच्या जोड्या

आता क्रम. सोळा चिठ्ठ्यांकडे एकदम पाहून ‘यातला पहिला कोण’ हे कोणालाच सांगता येत नाही. दोन चिठ्ठ्यांमधली कोणती वर हे मात्र जवळपास नेहमी सांगता येतं. सगळा क्रम याच छोट्या प्रश्नातून उभा करायचा.

सोळा सिनेमांच्या सगळ्या जोड्या 120 होतात. तेवढ्या करायची गरज नाही. अशी रीत वापरा:

1. सगळ्या चिठ्ठ्या उलट्या करून पिसा. एक उचला आणि जमिनीवर ठेवा.
2. दुसरी उचला, चौथ्या टप्प्यातला प्रश्न विचारा, वर किंवा खाली ठेवा.
3. पुढची प्रत्येक चिठ्ठी आधी रांगेच्या मधल्या चिठ्ठीशी लढवा. जिंकली तर वरच्या अर्ध्यात, हरली तर खालच्या अर्ध्यात. मग त्या अर्ध्याच्या मधल्या चिठ्ठीशी. असं जागा सापडेपर्यंत.
4. शेवटची, म्हणजे सोळावी चिठ्ठी पंधराच्या रांगेत घालायला चारच प्रश्न पुरतात. सगळे मिळून जास्तीत जास्त 49 प्रश्न होतात. एका बैठकीचं काम.

मधल्या चिठ्ठीपासूनच का? कारण आपण सवयीने वरून सुरुवात करतो. वरून लढवलं की नवी चिठ्ठी प्रत्येक वेळी पहिल्या क्रमांकाच्या दडपणाखाली येते आणि उगाच खाली घसरत जाते.

उदाहरण घ्या. रांगेत मधोमध ‘तुंबाड’ आहे, हातात ‘द डिसायपल’ची चिठ्ठी. एक भयपट, दुसरा शास्त्रीय संगीतात आयुष्य घालवणाऱ्या गायकाचा. ‘यांची तुलनाच होत नाही’ असं वाटेल. सिनेमांची होत नाहीच. तुमच्या उत्तराची होते. ‘यांतला कोणता पाहिला नसता तर जास्त नुकसान झालं असतं?’ ज्याने इंदूरच्या ‘सानंद’ या मराठी संस्थेच्या कार्यक्रमांत गाणं ऐकत संध्याकाळी काढल्या त्याचं उत्तर एक येईल, ज्याने आजीच्या तोंडून भुताखेतांच्या गोष्टी ऐकल्या त्याचं दुसरं. उत्तर द्या आणि पुढे चला. युक्तिवाद करत बसलात की पुन्हा ‘चांगला कोणता’वर घसरलात म्हणून समजा.

चक्र पडलं तर? कधी असं होतं: पहिला दुसऱ्यापेक्षा वर, दुसरा तिसऱ्यापेक्षा वर, आणि तिसरा मात्र पहिल्यापेक्षा वर. हे दिसतं तेव्हा तुम्ही मध्येच प्रश्न बदललेला असतो. तिन्ही चिठ्ठ्या काढून बाजूला ठेवा, पहिल्या पानावरचा प्रश्न मोठ्याने वाचा, पुन्हा लढवा. तरीही चक्र राहिलं तर ते तिघे शेजारी-शेजारी ठेवा आणि सोडून द्या.

> सावध: रांग बनत असताना ‘एकूण चित्र’ पाहून हलवाहलव करू नका. ‘पहिल्या तिनात एकही मराठी नाही, बरं दिसत नाही’ हा विचार इथेच येतो. आठव्या क्रमांकावरचा सिनेमा पाहून तुमचा मुलगा हसेल, हाही.

> तपासा: रांग पूर्ण झाल्यावर शेजारच्या प्रत्येक जोडीला एकदा प्रश्न विचारा. पंधरा जोड्या. उत्तर उलटं आलं तर त्या दोघांचीच अदलाबदल करा.

आता आकडे लिहा. पेन्सिलने.

## टप्पा 8: आठवडाभर झाकून ठेवा

चिठ्ठ्या गोळा करा, रांगेचा फोटो काढा आणि विसरा. आठवड्याने फोटो न पाहता त्यातल्या कोणत्याही पाच चिठ्ठ्या पुन्हा एकमेकांशी लढवा. पाचांचा आपसातला क्रम फोटोशी जुळला की यादी पक्की. एखादीच सरकली तर नवीन जागा द्या. तीन-चार सरकल्या तर सातवा टप्पा पुन्हा. बहुधा त्या दिवशी तुम्ही घाईत होतात.

दहावा की अकरावा यावर जीव आटवू नका. तिथला फरक इतका बारीक असतो की नाणं उडवलं तरी चालेल.

## टप्पा 9: घरची किंवा ग्रुपची एकत्र यादी

स्वतःची यादी करणाऱ्यांनी हा टप्पा सोडून द्यावा. ग्रुपवाल्यांनी मात्र नीट वाचावा, कारण इथे गणित चांगल्या-चांगल्यांना फसवतं.

9.1 मतदान गुप्त. प्रत्येकाने आपली यादी बंद चिठ्ठीत द्यायची. मराठी घरात आजोबा आधी बोलले की नातसुना त्यांचंच नाव दुसऱ्या क्रमांकावर टाकतात, आणि जावई असेल तर पहिल्यावर. आजोबांनी शेवटी बोलावं.

9.2 ‘पाहिला नाही’ आणि ‘आवडला नाही’ वेगळे. सगळ्यांच्या याद्यांतली नावं एका तक्त्यात घ्या. प्रत्येक नावापुढे प्रत्येकाने एक तर क्रमांक लिहायचा, किंवा ‘पाहिला, घेतला नाही’, किंवा ‘पाहिला नाही’. ही तिसरी नोंद जवळजवळ कोणीच ठेवत नाही.

9.3 गुण. सरधोपट रीत अशी: पहिल्याला 10, दुसऱ्याला 9, दहाव्याला 1, आणि बेरीज. आता पाच जणांचं घर घ्या. एक सिनेमा दोघांचा पहिला, उरलेल्या तिघांनी पाहिलेलाच नाही: 20 गुण. दुसरा सिनेमा पाचही जणांचा सहावा: प्रत्येकी 5, एकूण 25. म्हणजे कोणाचाच लाडका नसलेला सिनेमा जिंकला. सगळ्यांनी टीव्हीवर पाहिलेले सिनेमे जिंकतात आणि मॉर्निंग शोला लागून गेलेला मराठी सिनेमा हरतो, याचं कारण हे.

म्हणून बेरजेऐवजी पाहिलेल्यांची सरासरी काढा, आणि अट घाला की निम्म्याहून जास्त लोकांनी पाहिलेला हवा. वरचा पहिला सिनेमा पाचांपैकी दोघांनीच पाहिलाय, तेव्हा तो अजून पात्र नाही. आणखी एकाला दाखवा. समजा त्याने पाहून यादीत घेतला नाही, म्हणजे शून्य; तरी सरासरी 20 भागिले 3, सुमारे 6.7. दुसऱ्याची सरासरी 5. निकाल उलटला.

9.4 आकडे नकोतच असं वाटलं तर. मोठ्या ग्रुपला हे सगळं जड जातं. मग प्रत्येकाने दहा नावं द्यावी, क्रम न लावता, प्रत्येक नावाला एक मत. ‘साइट अँड साउंड’ हे ब्रिटिश मासिक 1952 पासून दर दहा वर्षांनी घेतं ती मोजणी अशीच: समीक्षक दहा नावं देतात आणि सगळ्यांना सारखंच मत. 2022 मध्ये सोळाशेहून अधिक जणांनी मतं दिली होती. पण ही रीत जिथे माणसं भरपूर तिथेच चालते. सहा जणांच्या ग्रुपमध्ये निम्मे सिनेमे दोन-दोन मतांवर अडकतात, मग वाद घालायला वेळ हवा.

9.5 बरोबरी झाली तर त्या दोघांनाच समोरासमोर ठेवा आणि दोन्ही सिनेमे पाहिलेल्यांचेच हात वर घ्या.

> सावध: निकाल लागल्यावर ‘एक मत माझंही धरा’ म्हणणारा भिया (इंदुरी ‘भाऊ’) प्रत्येक ग्रुपात असतो. तक्ता बंद झाला की बंद.

## टप्पा 10: एकेक ओळ आणि जपून ठेवणं

प्रत्येक नावापुढे एक ओळ लिहा, पण ‘अप्रतिम’, ‘हृदयस्पर्शी’, ‘एकदा पाहाच’ हे शब्द वर्ज्य. एक प्रसंग, एक आवाज, एक चेहरा लिहा. ओळ सुचत नसेल तर ती चिठ्ठी तिसऱ्या टप्प्यात चुकून सुटलेली आहे. काढा आणि अकरावी वर घ्या.

यादीखाली तारीख आणि पहिल्या पानावरचे पाच नियम उतरवा. नियमांशिवाय दिलेल्या यादीवर पहिला प्रतिसाद ‘अरे, अमुक कसा नाही?’ हाच असतो, आणि तो अमुक निम्म्या वेळा 2015 चा निघतो.

पाकीट जपा. पुढच्या जानेवारीत सगळं पहिल्यापासून करायचं नाही. 2016 च्या चिठ्ठ्या काढून टाका, 2026 चं एक नवीन पान दुसऱ्या टप्प्याप्रमाणे भरा, चाळून जे उरतील ते सातव्या टप्प्याच्या रीतीने मधल्या चिठ्ठीपासून रांगेत घाला. जागा रिकाम्या राहिल्या तर पाकिटातले ‘बहुतेक’ बाहेर काढा. जुने आकडे खोडून नवे लिहा.